फॉर्म कोरा का होत नाही?

२०१७ सालची गोष्ट घ्या. महाराष्ट्र शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ करण्याचे ठरवले आणि अर्ज ऑनलाइन मागवले. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या. संगणक एक आणि अर्जदार अनेक.

अशा एखाद्या केंद्रात काय घडू शकते, याची कल्पना करा. झरी-जामणीकडच्या एका शेतकऱ्याचा अर्ज भरून ऑपरेटरने ‘सबमिट’ दाबले. पान परत आले. मोबाइल क्रमांकात एक आकडा कमी होता. ‘‘नवं सिम पोरानं आणलं भाऊ, त्याला विचारून उद्या येतो,’’ असे म्हणून शेतकरी बाजूला झाला. मागचा माणूस पुढे सरकला. ऑपरेटरने ‘रिसेट’ दाबले. पाहतो तो काय, सगळे रकाने जसेच्या तसे भरलेले!

बटण बिघडले की काय? मुळीच नाही. ‘रिसेट’चा अर्थ ‘कोरे कर’ असा नाहीच. १९९५ साली एचटीएमएल भाषेची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यातच हा अर्थ ठरलेला आहे : पान सर्व्हरकडून आले तेव्हा रकान्यांत जे होते, तेच पुन्हा आण. पान कोरे आले असेल तर रिसेटने ते कोरे होईल. भरलेले आले असेल तर भरलेले होईल. हे काम आपल्या संगणकातला ब्राउझर परस्पर उरकतो. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो.

मग भरलेले पान आले कोठून? ते सर्व्हरनेच पाठवले, आणि तेही भल्या हेतूने. एका आकड्याच्या चुकीसाठी वीस रकाने पुन्हा भरायला लावणे बरे नव्हे. म्हणून चूक सापडली की सर्व्हर तुम्ही लिहिलेलेच परत पानावर छापून, चुकीच्या रकान्यापुढे तांबडी सूचना देऊन पाठवतो. (पासवर्डचा रकाना मात्र सहसा रिकामा ठेवतात.) आता ‘मूळचे’ पान म्हणजे हेच भरलेले पान.

येथे ऑपरेटर काय करील? नाव, गाव, आधार, मोबाइल, सारे खोडून नवे लिहील. पण घाईत बँकेचा खाते क्रमांक पहिल्याचाच राहून जाईल. यंत्राला हे कळेल का? आधारच्या १२ आकड्यांपैकी शेवटचा हा पडताळणीचा आकडा असतो. तो डच गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने काढतात. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर ही रीत ते नेमके पकडते. परंतु मागे राहिलेला क्रमांक चुकीचा नसतोच, तो दुसऱ्याचा असतो! आकड्यांची कोणतीही तपासणी अशा क्रमांकाला बिनतक्रार पुढे सोडते. म्हणून फॉर्म नीट कोरा होणे ही केवळ सोयीची बाब नाही.

संकेतस्थळे बांधण्यासाठी प्रोग्रामर तयार सांगाडे वापरतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. २००४ साली आलेल्या ‘जावा सर्व्हर फेसेस’मध्ये हाच प्रश्न आणखी खोल जातो. तेथे सर्व्हर प्रत्येक रकान्यासाठी जणू एक कच्ची पाटी आणि एक पक्की वही ठेवतो. तुम्ही लिहिलेले आधी पाटीवर उतरते. सगळे रकाने तपासात उतरले तरच ते वहीत जाते आणि पाटी पुसली जाते. एकही रकाना नापास झाला, तर वही तशीच राहते, पाट्याही तशाच राहतात. आणि पान छापताना पाटीवर काही असेल तर तेच आधी छापले जाते.

आता समजा, ‘माहिती आणा’ असे बटण दाबून दुसऱ्या शेतकऱ्याची नोंद मागवली. सर्व्हरने ती वहीत बिनचूक लिहिली. पडद्यावर मात्र पहिल्याचेच नाव! नवा प्रोग्रामर वही दहादा तपासतो, तिच्यात काही चूक नसते. पाटी पुसायची राहिली, हे त्याच्या लवकर ध्यानात येत नाही. हा घोटाळा इतका वारंवार होऊ लागला, की २०१३ साली आलेल्या २.२ या आवृत्तीत ठरावीक रकान्यांच्या पाट्या पुसण्याची आज्ञाच घातली गेली.

अर्ज यशस्वी झाल्यावर मात्र पाटी पुसत बसण्यापेक्षा दुसरी युक्ती बरी. सर्व्हर ब्राउझरला सांगतो, ‘‘आता या नव्या पत्त्यावर जा.’’ तेथे नवे, कोरे पान मिळते. शिवाय कोणी पान ताजे केले, तरी तोच अर्ज दुसऱ्यांदा जात नाही.

सगळाच फॉर्म पुसणे नेहमी योग्यही नसते. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. तुम्ही तालुका ‘पुसद’ आणि त्यातले एक गाव निवडले, मग लक्षात आले की तालुका ‘उमरखेड’ हवा होता. तालुका बदलताच गावांची यादी बदलली पाहिजे आणि निवडलेले गाव पुसले गेले पाहिजे; नाही तर पुसदचे गाव उमरखेडात जाऊन बसेल. पण अर्जदाराचे नाव, आधार आणि खाते क्रमांक यांना धक्का लागता कामा नये. कोणता रकाना कोणावर अवलंबून आहे, हे यंत्र आपण होऊन ओळखत नाही. ते प्रोग्रामरला आधी कागदावर मांडावे लागते.