‘डेमरेज’ या शब्दाचे गोत्र

उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि रायगडच्या किनाऱ्याशी व्यापारी पेढ्यांचा संबंध नव्याने दृढ झाला. रेल्वेच्या मालधक्क्यावर पूर्वीपासून परिचित असलेला एक शब्द आयातदारांच्या तोंडी आता कंटेनरसंदर्भात येऊ लागला : डेमरेज. पुष्कळजण तो ‘डॅमरेज’ असा उच्चारतात व ‘डॅमेज’शी त्याचे नाते जोडतात. खिशाचे नुकसान होते, हे खरेच. परंतु दोन्ही शब्दांचे गोत्र भिन्न आहे.

‘डॅमेज’ लॅटिन ‘डॅम्नम’पासून, म्हणजे हानीपासून आला. ‘डेमरेज’च्या मुळाशी लॅटिन ‘मोरा’ आहे, अर्थ विलंब. त्यापासून ‘देमोरारी’ म्हणजे रेंगाळणे हे क्रियापद झाले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत पोहोचले. चौल-रेवदंड्यावर दोन शतके अंमल गाजविणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेतही विलंबाला ‘देमोरा’ म्हणतात. उरणकरांना याचे हसू येईल, कारण भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच जेथे लागते ते त्यांचे बंदरही मोराच! हा निव्वळ योगायोग. ओहोटीला गाळामुळे लाँच तेथे खोळंबतात, हा भाग निराळा.

याच ‘मोरा’चे दुसरे अपत्य मोरेटोरियम. २०२० च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना दिलेली सवलत सर्वांच्या स्मरणात असेल. हप्ता थांबला, व्याज मात्र चालूच राहिले.

मूळ अर्थाने डेमरेज हे जहाजमालकाचे येणे. माल चढविण्या-उतरविण्यासाठी ठरलेली मुदत उलटली की जहाज अडकवून ठेवल्याबद्दल ते द्यावे लागते आणि एकदा ते लागू झाले की करारात अन्यथा नसेल तर रविवार व सुट्ट्याही मोजल्या जातात. कंटेनरच्या व्यवहारात मोफत दिवसांनंतर माल बंदरातच राहिला तर डेमरेज आणि रिकामा कंटेनर परत करण्यास उशीर झाला तर डिटेन्शन. एखादा कागद अपुरा राहिला, की मालावरचा सारा नफा या दोहोंत जाऊ शकतो. कर्मबंधाच्या पाच कारणांत प्रमादाची गणना करणाऱ्या परंपरेला हा हिशेब अपरिचित नसावा.

जहाजाच्या करारात याची उलट बाजूही असते. माल मुदतीआधी उतरविल्यास भाडेकऱ्याला ‘डिस्पॅच’ नावाचे बक्षीस मिळते, बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने. कंटेनर लवकर सोडविणाऱ्या आयातदाराच्या वाट्याला मात्र तसे काही येत नाही.