सेंट क्रॉसचे आश्रयस्थान

इंग्लंडच्या दक्षिण भागात विंचेस्टर नावाचे प्राचीन नगर आहे. तेथे ईचन नदीकाठच्या हिरव्या कुरणांलगत, दगडी इमारतींनी वेढलेला एक प्रशस्त चौक दिसतो. हेच सेंट क्रॉसचे हॉस्पिटल. येथे रोगी उपचारासाठी येत नाहीत. पूर्वी हॉस्पिटल या शब्दाने निराधारांचे आश्रयस्थानही ओळखले जाई.

११३५ च्या सुमारास विंचेस्टरचे बिशप, म्हणजे तेथील ख्रिस्ती धर्माधिकारी, हेन्री यांनी ते स्थापिले. राजा स्टीफन हा त्यांचा भाऊ. १३ दुर्बल पुरुषांना येथे निवारा मिळावा आणि आणखी १०० गरिबांना रोज जेवू घालावे, असा त्यांचा संकल्प होता. पुढे १४४५ मध्ये कार्डिनल बोफर्ट यांनी वैभव जाऊन दारिद्र्य आलेल्या सभ्य पुरुषांसाठी दुसरी शाखा जोडली. जुन्या शाखेतील वृद्धांचा झगा काळा, तर नव्या शाखेतील वृद्धांचा तांबडा असतो.

चौकाच्या कडेने वृद्धांची दुमजली घरे आहेत. त्यांवरील उंच धुराड्यांची रांग दुरूनच लक्ष वेधून घेते. ही धुराडी केवळ शोभेची नव्हेत. मध्ययुगात अशा आश्रयस्थानांत बहुधा एकाच लांब दालनात सर्वांची अंथरुणे असत. येथे मात्र प्रत्येकास स्वतंत्र बिऱ्हाड व स्वतःची शेकोटी मिळाली. चर्च तर एखाद्या मोठ्या धर्ममंदिरासारखे भव्य आहे. त्याच्या जुन्या भागात गोल कमानी एकमेकींना छेदतात आणि त्या छेदांतून टोकदार कमानींचे आकार उमटतात.

इतक्या भक्कम भिंतींनाही गरिबांचे धन राखता आले नाही. १८०८ मध्ये तेव्हाच्या बिशपांनी आपल्याच मुलाला संस्थेचा प्रमुख नेमले. तो पुढे गिलफर्डचा अर्ल झाला. संस्थेच्या जमिनींचे विपुल उत्पन्न वर्षानुवर्षे त्याच्या पदरात पडत राहिले. अखेर हे प्रकरण न्यायालयात गेले, आणि हे उत्पन्न प्रमुखाच्या मालकीचे नसून धर्मादायाचे आहे, असा निर्णय १८५३ मध्ये झाला. दोन वर्षांनी अर्लने पद सोडले.

इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंत सेंट क्रॉसला पहिल्या श्रेणीचे स्थान आहे. तेथील सदावर्तही जुनेच. वाटसरूने द्वारपालाजवळ मागणी केली, की त्याला पावाचा तुकडा आणि जवाच्या पेयाचा लहानसा पेला मिळतो. न मागणाऱ्यास मात्र कोणी देत नाही.