नामसाधर्म्य : वसंत नावाचा घोळ

मागच्या भागात शांता आपटे आणि शांता हुबळीकर यांची गल्लत सोडवली. ती सोपी होती. ‘कुंकू’ आपट्यांचा, ‘माणूस’ हुबळीकरांचा, एवढं ध्यानात ठेवलं की भागतं. या आठवड्यातलं नाव इतक्या स्वस्तात सुटणारं नाही. वसंत!

१९५९ हे एकच साल घ्या. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ लागला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून जास्त मुक्काम ठोकून बसला. संगीत वसंत पवार. त्याच वर्षी ‘शिकलेली बायको’ आला, संगीत वसंत प्रभू. आणि हिंदीत विजय भट्ट यांचा ‘गूंज उठी शहनाई’. पडद्यावर राजेंद्रकुमार, सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची आणि संगीत वसंत देसाई. रेडिओवरच्या निवेदकानं आडनाव जरा घाईत उरकलं की श्रेय भलत्याच घरी जायचं.

जुने शौकीन यावर एक ठोकताळा सांगतात. ढोलकी कडाडली की पवार, पी. सावळाराम यांचे शब्द आणि लताबाईंचा हळवा सूर आला की प्रभू. रागदारीचा भक्कम पाया दिसला की देसाई. ठोकताळा वाईट नाही, पण त्यावर पैज लावू नका. ‘मानिनी’त (१९६१) बहिणाबाई चौधरींच्या कविता आहेत. चुलीजवळच्या, जात्याजवळच्या त्या शब्दांना ज्यानं चाल दिली, तो हाच लावणीवाला पवार. शब्दांचा ठेका बिघडू न देता, वाद्यांचा गलबला न करता त्यानं त्या बाईला बोलू दिलंय. नुसत्या ‘सांगत्ये ऐका’वर त्याची ओळख संपवणं हा अन्यायच. उलट देसायांचं पाहा. शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’मुळे ते शास्त्रीय नृत्यसंगीताचे म्हणून लक्षात राहिले, पण ‘लोकशाहीर रामजोशी’मधला फड, डफ-तुणतुण्याचा बाज हेही त्यांचंच काम. शिवाय ‘पंडितराज जगन्नाथ’ची नाट्यपदं आहेतच. कुडाळकडचा हा माणूस ‘प्रभात’मध्ये घडला आणि कुठल्याच एका खणात बसला नाही.

प्रभूंच्या बाबतीत मात्र ठोकताळा सहसा चुकत नाही. चाल साधी, पहिल्याच ऐकण्यात गुणगुणता येणारी, अक्षर न् अक्षर स्पष्ट. असं साधं करायला किती अवघड असतं, ते हार्मोनियमवर बसून चार ओळींना चाल लावून पाहणाऱ्याला विचारा. पवार आणि प्रभू दोघंही साठचं दशक संपायच्या आत गेले. देसाई १९७५मध्ये लिफ्टच्या अपघातात.

लेखकांकडे वळलं तर गर्दी आणखी वाढते. वसंत कानेटकर म्हणजे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’चे नाटककार, कवी गिरीश यांचे चिरंजीव, नाशकात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. वसंत सबनीस म्हणजे दादा कोंडक्यांना रंगमंचावर उधळू देणारं ‘विच्छा माझी पुरी करा’. पुढे ‘अशी ही बनवाबनवी’चे खटकेबाज संवादही त्यांचेच. वसंत बापट म्हणजे सेवादलाचं कलापथक आणि ‘बिजली’ हा काव्यसंग्रह. यांतली खरी गंमत पुढेच आहे. सबनीसांचं मूळ नाव रघुनाथ दामोदर आणि बापटांचं विश्वनाथ वामन. म्हणजे आधीच भरलेल्या पंगतीत हे दोघे आपखुशीनं पाट मांडून बसले! व. पु. काळे यांनी मात्र शहाणपण केलं. वसंत पुरुषोत्तम असूनही वाचकांसाठी ते ‘वपु’च झाले, आणि त्यांना कुणी दुसऱ्याच्या नावावर खपवलं नाही.

वसंतराव देशपांडे कुठे गेले, असं एव्हाना तुम्ही मनात म्हटलंच असेल. ते मुद्दाम राखून ठेवलेत. त्यांची गाठ वसंतांपेक्षा देशपांड्यांशी जास्त पडते आणि तिथे पु. ल. आहेत, पु. य. आहेत, कुसुमावतीबाई, सुलभाताई, अरविंद अशी मोठीच मंडळी आहेत. त्यांचा हिशेब पुढच्या आठवड्यात.