विश्लेषण : सौरवादळात मोबाइल बंद ठेवावा का? खरा धोका कशाला?

रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत मोबाइल बंद करून लांब ठेवा, पृथ्वीजवळून घातक किरणे जाणार आहेत, असा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. तो खोटा आहे. पण सूर्यावरील उलथापालथीचा तंत्रज्ञानाला बसणारा फटका खरा आहे. तो हातातल्या फोनला नव्हे, तर त्यामागच्या उपग्रहांना आणि वीजवाहिन्यांना बसतो. तो कसा, आणि त्याची पूर्वसूचना किती आधी मिळते, याविषयी…

अवकाश हवामान म्हणजे काय?

सूर्याची सक्रियता साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि ओसरते. सक्रिय काळात सौरडाग वाढतात आणि त्यांच्याजवळच्या गुंतलेल्या चुंबकीय क्षेत्रातून प्रचंड ऊर्जा मोकळी होते. सौरज्वालेचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात आणि दिवसाच्या बाजूचा लघुलहरी रेडिओ संपर्क विस्कळीत करतात. काही वेळा सूर्य अब्जावधी टन विद्युतभारित कणांचा ढगच फेकतो. त्याला ‘कॉरोनल मास इजेक्शन’ म्हणतात. तो बहुधा एक ते तीन दिवसांत पोहोचतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हादरे देतो. हेच भूचुंबकीय वादळ.

मे २०२४ मध्ये काय घडले?

१० आणि ११ मे २०२४ रोजी पृथ्वीला ‘जी-५’ श्रेणीचे, म्हणजे सर्वांत तीव्र गटातले वादळ धडकले. ऑक्टोबर २००३ नंतर इतके मोठे वादळ झाले नव्हते. लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. अमेरिकेत तो मक्याच्या पेरणीचा हंगाम होता. तिथले जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर सरळ रेषेत जाईनात आणि अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. भारतात मात्र मोठा परिणाम झाला नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, शिवाय मुख्य तडाखा पहाटे बसला. त्या वेळी आयनांबर पूर्ण विकसित झालेले नव्हते, असे ‘इस्रो’ने स्पष्ट केले होते.

जीपीएस का चुकते?

जीपीएसचे संदेश सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून येतात. वाटेत आयनांबर या विद्युतभारित थरातून जाताना त्यांना किंचित उशीर होतो. एरवी हा उशीर गृहीत धरून गणित केले जाते. वादळात थराची घनता झपाट्याने बदलते आणि गणित चुकते. नकाशावरचा निळा ठिपका काही मीटर सरकला तर आपल्या लक्षातही येणार नाही. जमीन मोजणीत किंवा विमान उतरवताना तीच चूक महागात पडू शकते. भारतावरील आयनांबर एरवीही सूर्यास्तानंतर अस्थिर असते. म्हणूनच विमानांसाठी ‘गगन’ ही दुरुस्ती पुरवणारी यंत्रणा उभारण्यात आली आहे.

वीज आणि उपग्रहांना धोका कसा?

चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलले की लांब वीजवाहिन्यांत नको असलेला प्रवाह शिरतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अशाच प्रवाहामुळे दीड मिनिटात कोलमडली. सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात होते. उपग्रहांचा त्रास वेगळा. वादळात वरचे वातावरण तापून फुगते आणि घर्षण वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टारलिंक’चे नुकतेच सोडलेले ४९ पैकी सुमारे ४० उपग्रह त्यामुळे गमवावे लागले. ते वादळ तर सौम्य होते.

मुंबईचा संबंध काय?

ज्ञात इतिहासातले सर्वांत प्रबळ मानले जाणारे सौरवादळ सप्टेंबर १८५९ मधले. तेव्हा युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या दिवशी चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही याच नोंदींचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजमापात व्यत्यय नको, यासाठी १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आज तिचे काम आहे.

पूर्वसूचना किती मिळते?

ढग निघाल्याचे दुर्बिणींतून एक-दोन दिवस आधी कळते. वादळ किती तीव्र असेल, हे मात्र ढगातील चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते. ती दक्षिणेकडे असेल तर तडाखा जोरात बसतो. ही दिशा ढग पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील ‘एल-१’ बिंदूपाशी आल्यावरच नेमकी मोजता येते. भारताचे ‘आदित्य-एल १’ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यावरील ‘सूट’ दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ने विकसित केली आहे. मात्र तिथून हाती उरतो फार तर तासभर. ढग वेगवान असेल तर पाव तासच. तेवढ्यात वीज केंद्रांना भार कमी करायचा असतो आणि उपग्रह सुरक्षित स्थितीत न्यायचे असतात.

मग आपण काय करायचे?

फोन बंद करण्याची गरज नाही. पृथ्वीचे वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र जमिनीवर आपले रक्षण करते. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी ड्रोन उडवणाऱ्यांनी किंवा जीपीएसने मोजणी करणाऱ्यांनी मोजमाप पुन्हा तपासावे. बाकीच्यांनी तो व्हॉट्सॲप संदेश पुढे पाठवला नाही, तरी पुरे.