‘मी आहे ना’ : एका न उच्चारलेल्या वाक्यावरून होणारे वाद

केनेथ लोनर्गन या अमेरिकी नाटककाराने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘यू कॅन काउंट ऑन मी’ २००० साली आला. या नावाचे शब्दशः मराठी करण्यापेक्षा आपण रोज वापरतो ते वाक्य अधिक जवळचे आहे : ‘मी आहे ना!’ गंमत अशी, की हे वाक्य संपूर्ण चित्रपटात कोणीच बोलत नाही. शेवटच्या प्रसंगात भाऊ बहिणीला एवढेच विचारतो, की लहानपणी आपण एकमेकांना काय म्हणायचो ते आठवते का. तिला आठवत असते. ते काय होते, हे प्रेक्षकाने चित्रपटाच्या नावावरून ओळखायचे.

हा चित्रपट गेली काही वर्षे मी निरनिराळ्या लोकांबरोबर पाहत आले आहे. कधी घरी चार मैत्रिणींबरोबर, कधी गावातल्या चित्रपटप्रेमींच्या छोट्या गटात. पाहून झाल्यावर लोक काय बोलतात ते वहीत टिपून ठेवायचे, ही माझी जुनी सवय. या नोंदी म्हणजे शास्त्रीय पाहणी नव्हे. पण एक गोष्ट इतक्या वेळा दिसली, की तिचा विचार करावासा वाटला. चित्रपटाच्या दर्जाविषयी फारसा वाद होत नाही. वाद होतो तो बहीण बरोबर की भाऊ बरोबर यावर, आणि तो घरगुती भांडणाच्या आवेशाने होतो. असे का होते, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

गोष्ट एवढीच

न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागात स्कॉट्सव्हिल नावाचे एक काल्पनिक गाव आहे. सॅमी आणि टेरी लहान असताना त्यांचे आईवडील मोटार अपघातात जातात. त्यानंतर गोष्ट एकदम बरीच वर्षे पुढे जाते. सॅमी (लॉरा लिनी) त्याच गावात, आईवडिलांच्याच घरात राहते, बँकेत नोकरी करते आणि आठ वर्षांच्या रूडीला एकटीने वाढवते आहे. टेरी (मार्क रफलो) गाव सोडून गेलेला आहे. मिळेल ते काम करत भटकणारा, मध्ये काही काळ तुरुंगातही जाऊन आलेला. तो एक दिवस बहिणीकडे येतो. ती आनंदाने नटूनथटून त्याला भेटायला हॉटेलात जाते, आणि जेवताना तिला कळते, की तो पैसे मागायला आला आहे.

तरी तो राहतो. बँकेतला नवा साहेब (मॅथ्यू ब्रॉडरिक) सॅमीला मुलाला आणण्यासाठी रोज काही मिनिटे बाहेर जाऊ द्यायला तयार नसतो, म्हणून ते काम टेरीकडे येते. मामा-भाच्याची गट्टी जमते. टेरी त्याला रात्री पूल खेळायला नेतो, कोणी बोलत नाही त्या गोष्टी बोलतो. इकडे सॅमी त्याच विवाहित साहेबाबरोबर प्रेमप्रकरणात गुंतते. शेवटी टेरी रूडीला त्याच्या बापाच्या दारात घेऊन जातो. बाप त्याला नाकारतो, मारामारी होते, टेरीला अटक होते. सॅमी भावाला घर सोडायला सांगते. बसथांब्यावरच्या बाकावर दोघे बसतात, आणि तो मघाचा प्रश्न येतो.

सुमारे बारा लाख डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट हॉलिवूडच्या हिशेबाने चिल्लर रकमेतला. कार्यकारी निर्मात्यांत मार्टिन स्कॉर्सेसी होते. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक ‘गर्लफाइट’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळाले, पटकथेचेही पारितोषिक मिळाले. पुढे लिनीला अभिनयासाठी आणि लोनर्गनला पटकथेसाठी ऑस्करची नामांकने मिळाली.

तीन पक्ष

माझ्या वहीतल्या प्रतिक्रियांचे ढोबळ तीन पक्ष पडतात.

पहिला पक्ष सॅमीचा. ‘तो चार दिवस येतो, मुलाला लळा लावतो, गोंधळ घालतो आणि निघून जातो. निस्तरायचे कोणी?’ आईच्या आजारपणात दहा वर्षे घर सांभाळलेल्या एक निवृत्त शिक्षिका हे बोलताना इतक्या चिडल्या होत्या, की चहा तसाच राहिला. दुसरा पक्ष टेरीचा. ‘तो निदान खोटे बोलत नाही. ती स्वतः साहेबाबरोबर भानगड करते आणि त्याला शिस्त शिकवते!’ हे म्हणणारे बहुतेक जण घरातले धाकटे, किंवा लांब राहणारे. तिसरा पक्ष म्हणतो, ‘यात घडले काय? दोघे भेटले, भांडले, वेगळे झाले.’ हा पक्ष संख्येने लहान नाही, आणि त्याला अरसिक म्हणून उडवून लावणेही बरोबर नाही.

माझ्या घरातही हेच झाले. मी गावातच राहिले, धाकटा भाऊ शिक्षणासाठी गेला तो तिकडचाच झाला. त्याच्याबरोबर चित्रपट पाहिला तेव्हा मी अर्थातच सॅमीच्या बाजूची होते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘ताई, तो दारात आला की ती आधी त्याचं काय चुकलंय ते बघते. मग त्याच्याकडे बघते.’’ मी म्हटले, ‘‘कारण चुका तिलाच निस्तराव्या लागतात.’’ त्यावर दोघेही पुढे काही बोललो नाही. आम्ही सॅमी-टेरीबद्दल बोलत होतो की आणखी कोणाबद्दल, हे दोघांनाही ठाऊक होते.

निकाल न देणारा पाद्री

प्रेक्षक असे पक्षकार का होतात? माझ्या मते याचे कारण चित्रपटाच्या घडणीतच आहे. जिथे निकाल द्यायचा तिथे लोनर्गन थांबतो.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. अपघातानंतर पोलीस अधिकारी दारात येतो. मुलांना सांभाळणारी मुलगी दार उघडते. तो तिला दार ओढून घ्यायला सांगतो, आणि मग त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. तिथेच प्रसंग तुटतो. बातमी आपण ऐकत नाही, मुलांना ती कशी सांगितली गेली तेही पाहत नाही. पुढच्या सगळ्या वागण्याचे मूळ या दाराआड आहे, पण दिग्दर्शक ‘म्हणून टेरी असा झाला’ असे कुठेही म्हणत नाही.

दुसरा प्रसंग चर्चमधल्या पाद्र्याचा. भावाला चार शब्द सांगावेत म्हणून सॅमी त्याला घरी बोलावते. पाद्री टेरीला उपदेश करत नाही. तुला तुझे आयुष्य महत्त्वाचे वाटते का, अशा आशयाचा प्रश्न विचारतो. पुढे सॅमी स्वतःच्या प्रकरणाबद्दल त्याच्याकडे जाते, तेव्हा तिला चक्क शिक्षा हवी असते. विवाहबाह्य संबंधांबद्दल चर्चचे अधिकृत मत काय, असे ती विचारते, आणि पूर्वीसारखे कोणी ओरडले असते तर बरे झाले असते, असे सुचवते. पाद्री ओरडत नाही. ही भूमिका खुद्द लोनर्गनने केली आहे. म्हणजे पात्र न्याय मागायला येते, आणि लेखक-दिग्दर्शक पडद्यावर तिच्यासमोर बसून तो द्यायचे नाकारतो!

तिसरी जागा ते न उच्चारलेले वाक्य. ते उच्चारले असते तर समेट झाला असे आपण धरले असते. ते मोकळे राहिल्यामुळे निकालपत्र कोरे राहते. कोरा कागद दिसला की माणूस स्वतःचा हिशेब लिहू लागतो. भावंडांत तुम्ही कितवे, घरी राहिलेले की बाहेर गेलेले, यावर तुमचे मत ठरू लागते.

ओवाळणी उलट्या दिशेने

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे रीतीने मुलगी सासरी जाते, मुलगा घरी राहतो, आणि तिला माहेर उरते. या चित्रपटात घर बहिणीकडे आहे आणि थकलाभागला भाऊ तिथे येतो. म्हणजे माहेरवाशीण आहे टेरी. भाऊबिजेला भावाने बहिणीच्या घरी जायचे, ही यम-यमुनेच्या कथेपासूनची रीत. टेरी येतो, पण ओवाळणी घालायला नव्हे, मागायला. त्या हॉटेलातल्या प्रसंगावर आपल्या प्रेक्षकांतून हमखास ‘काय हा भाऊ!’ असा सुस्कारा येतो. हाच प्रसंग उलटा करून पाहावा. अडचणीतली बहीण चार दिवस माहेरी आली आणि भावाकडे पैसे मागितले, तर आपण तिला इतक्या चटकन बेजबाबदार म्हटले असते का? टेरीला माहेरवाशीण समजून चित्रपट पुन्हा पाहिला, की सॅमीने त्याला जायला सांगणे अधिक कठोर वाटू लागते. आणि तिला मुलाकडे पाहून ते करावे लागले, हेही अधिक कळते.

वाटणीविना भांडण

आता ‘काही घडतच नाही’ म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षाकडे येऊ. आपल्याकडे भावंडांच्या गोष्टीला बहुधा एखादी वस्तू लागते : जमीन, वाडा, दागिने, म्हाताऱ्यांना सांभाळण्याची पाळी. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वडिलांच्या मृत्यूनंतर देशपांड्यांची प्रौढ भावंडे एकत्र येतात. राहिलेला भास्कर आणि मुंबईला गेलेला सुधीर यांच्यातले ताण हे सॅमी-टेरीच्या ताणाचेच भाऊबंद आहेत. पण तिथे दिवसकार्याचा खर्च आहे, ढासळता वाडा आहे, सोने आहे. माणसे वस्तूंबद्दल बोलत राहतात आणि मनातले त्यातून बाहेर पडते. तमारा जेन्किन्स यांच्या ‘द सॅव्हेजेस’मध्ये (२००७) पुन्हा लॉरा लिनीच बहीण आहे, फिलिप सेमूर हॉफमन भाऊ. तिथेही स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना शुश्रूषागृहात ठेवण्याचा ठोस प्रश्न आहे, म्हणून प्रेक्षकांचा वाद त्या प्रश्नाभोवती फिरतो.

‘यू कॅन काउंट ऑन मी’मध्ये घरावरून भांडण नाही, आणि सांभाळायला आईवडीलही नाहीत. वाटून घेण्यासारखे काहीच शिल्लक नसताना भावंडांचे नाते कशावर उभे असते, हा या चित्रपटाचा प्रश्न आहे. वस्तू काढून घेतल्यावर कोण राहिले, कोण गेले, कोणी फोन केला, कोणी वाट पाहिली, एवढाच हिशेब उरतो. हा हिशेब मांडायला तलाठी लागत नाही, आणि तो कधी मिटतही नाही. तिसऱ्या पक्षाला ‘घटना’ दिसत नाही ती यामुळे. त्यांची अपेक्षा चुकीची नाही. ती आपल्या घरांतल्या अनुभवातून आलेली आहे, कारण आपण भावंडांना गंभीरपणे समोरासमोर बसलेले पाहतो ते बहुधा सह्या करण्याच्या वेळी.

मग बरोबर कोण? माझे मत सांगते. सॅमीने टेरीला जायला सांगणे आणि तरीही ‘मी आहे ना’ हे वाक्य खरे असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, असे चित्रपट दाखवतो. आपण ‘मी आहे ना’ याचा अर्थ ‘मी करीन’ असा घेतो. पैसे देईन, राबेन, निस्तरीन. त्या कसोटीवर टेरी नापास आहे, आणि भावाला बाहेर काढणारी सॅमीही. पण वाक्यातले क्रियापद ‘करणे’ नाही, ‘असणे’ आहे. आईवडील गेले त्या दिवशी तिथे असलेला दुसरा माणूस जगात एकच आहे, आणि तो कुठेही भटकत असला तरी आहे. सॅमीला शेवटी रडू येते ते याच्यासाठी.

हे मत माझ्या घरात अजून सर्वांना पटलेले नाही, ते तसे पटण्याची गरजही नाही. यंदा दिवाळीत भावंडे एकत्र येणार असतील, तर हा चित्रपट जरूर लावावा. मात्र कोण कोणाची बाजू घेतो ते मोजत बसू नये. चित्रपट संपल्यावर प्रत्येकाने आपण नसलेल्या जागेवरून बोलून पाहावे : थोरल्याने धाकट्याच्या, घरी राहिलेल्याने गेलेल्याच्या. माझ्या वहीतल्या सर्वांत चांगल्या नोंदी अशा संध्याकाळच्या आहेत.