शंख-शिंपल्यांची खानेसुमारी

वाघ किती उरले हे वर्तमानपत्रांत छापून येते. गोगलगायी किती उरल्या असे कोणी विचारले तर लोक हसतील. तरीही हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो, आणि ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रापासून आपल्या पवनेपर्यंत त्याची रीत एकच आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ संकटातील जीवांची 'लाल यादी' करतो. आता गोगलगायी एकेक करून कोण मोजणार? म्हणून प्राणी मोजण्याऐवजी जागा मोजतात. जात जेथे जेथे आढळली ती ठिकाणे नकाशावर मांडायची व त्यांना वेढणारे क्षेत्र काढायचे. ते ५,००० चौरस किलोमीटरांहून कमी भरले, ठिकाणे पाचांहून अधिक नसली आणि तेथील परिस्थिती बिघडतच चालली असली, तर ती जात 'संकटग्रस्त'. माहिती तुटपुंजी असेल तर तसे स्पष्ट नोंदवायचे, हा प्रामाणिकपणा मला विशेष आवडतो. समुद्रातील बहुसंख्य शंख-शिंपल्यांची तपासणी तर अजून व्हायचीच आहे; बर्फाखाली वारंवार उतरणार कोण?

सह्याद्रीच्या गोड्या पाण्यातील जीवांची अशी तपासणी होऊन २०११ मध्ये अहवाल निघाला. त्यात १,१४६ जाती होत्या. पैकी शंख-शिंपले ७७. त्यांतील 'क्रेम्नोकाँकस' ही गोगलगाय मोठी नवलाची. तिचे बहुतेक भाऊबंद समुद्रकाठी राहतात. ही मात्र घाटातल्या धबधब्यांच्या तुषारांनी भिजलेल्या कड्यांवर! ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये तिच्या कुळीला हे नाव दिले. सह्याद्रीचेच नाव लाभलेली तिची एक जात संकटग्रस्त ठरली आहे. पुढे २०१३ मध्ये अभ्यासकांनी या कुळीत नऊ जाती असल्याचे दाखविले. एका जातीच्या दोन झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याचा मुलूख आक्रसतो, म्हणजे जुना हिशेब पुन्हा मांडणे आले.

आता आपल्या दाराशी येऊ. नदीच्या चिखलात अर्धा रुतून बसणारा 'लॅमेलिडेन्स' शिंपला यादीत 'चिंता नसलेला' आहे. परंतु तो निर्वाळा एकूण प्रसारावर दिलेला. चिंचवडच्या घाटाखालचे पाणी त्यात वेगळे धरलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मात्र पवना आहे. म्हणजे एका यादीत शिंपला सुखरूप आणि दुसरीत त्याचे घर आजारी!

यात एक मेख आहे. या शिंपल्याची पिल्ले प्रथम माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात व मग तळाशी उतरतात. सांडपाण्याने मासे गेले तरी म्हातारे शिंपले काही वर्षे तग धरतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. म्हणून नदीवर गेल्यास मोठे शिंपले मोजून थांबू नये. नखाएवढे लहान सापडतात का, ते पाहावे.