गेलेली पत आणि दूरचा व्यापार

महाड गावाजवळ सोनगड नावाचा एक लहानसा डोंगरी किल्ला आहे. रायगड-प्रतापगडांच्या मोठेपणापुढे त्याची आठवण सहसा कोणास होत नाही. परंतु इ. स. १६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतून धरून आणलेले इंग्रज व्यापारी काही काळ या गडावर अडकून पडले होते. आणि तेरा वर्षांनी त्याच कंपनीचा वकील याच मुलखात, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे, तहाची कलमे घेऊन येऊन बसला. दूरदेशीच्या व्यापारात एकदा गेलेली पत परत कशी मिळते, हा प्रश्न अलीकडे आफ्रिका खंडाच्या व्यापारासंबंधाने वारंवार विचारला जातो. त्याचा उलगडा करू पाहणाऱ्याने सोनगड ते पाचाड हा प्रवास आधी समजून घ्यावा.

गावच्या बाजारात पत टिकविणे फारसे कठीण नसते. महाडच्या पेठेत पूर्वी सावित्रीच्या भरतीबरोबर गलबते येत आणि वरंध घाटाने व पोलादपुरावरून पारघाटाने बैलांचे तांडे देशावर जात. तांडेवाला उदीम करून पुन्हा त्याच वाटेने खाली यावयाचा, हे दुकानदारास ठाऊक असे. तो बुडवून जाणार कोठे? दूरदेशीच्या व्यापारात ही सोय नाही. माल पाठविणारा पैसा पाहत नाही, पैसा देणारा माल पाहत नाही आणि मध्ये समुद्र असतो. तेथे माणसाच्या ओळखीची जागा कागदाने घ्यावी लागते.

राजापूरचा कलह पोलादपूरच्या डोक्यावरच सुरू झाला असे म्हटले तरी चालेल. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि पुढे दोन महिन्यांतच त्याच्या मालाच्या जहाजांचा शोध घेत मराठी फौज राजापुरास पोहोचली. तेथे इंग्रजांशी पहिली खटपट झाली. तीत त्यांची माणसे धरली गेली व पुढे सुटली. प्रकरण एवढ्यावर मिटले असते. परंतु १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूर वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ व गोळे घेऊन वेढ्यात गेला आणि कंपनीचे निशाण फडकावून त्याने गडावर मारा केला. व्यापारी म्हणून आलेल्याने तोफेला बत्ती द्यावी, यापरते अविचाराचे कृत्य कोणते! दुसऱ्या वर्षी शिवाजीमहाराजांनी राजापूर लुटले, वखार खणून काढली व व्यापाऱ्यांस कैदेत टाकले. त्यांपैकी अखेरचे लोक १६६३ मध्ये सुटले.

यानंतर दोन्ही पक्षांची अडचण सुरू झाली, आणि मौज ही की, ती अडचणच पुढे उपयोगी पडली. १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आले. बेटावर सरपण व धान्य पुरेसे नाही. ते समोरच्या मराठी मुलखातून यावयाचे. इकडे महाराजांस बंदरांचा व्यापार हवा होता आणि जकातही हवी होती. म्हणून १६७२ मध्ये स्टीफन उस्टिक, १६७३ मध्ये टॉमस निकल्स आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडन असे वकील एकामागून एक आले. ऑक्झिंडन पाचाडास पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनास गेले होते. वकिलास वाट पाहत बसावे लागले. पुढे निराजीपंतांच्या मध्यस्थीने बोलणी झाली. त्याने ६ जून १६७४ चा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि त्याच महिन्यात तह ठरला.

या तहातील गोड शब्दांपेक्षा त्यातील हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन देण्याचे कबूल झाले. पण रोख थैली मोजून नव्हे. कंपनीने तीन वर्षे दरसाल पाच हजार होनांचा माल महाराजांकडून घ्यावा आणि निम्मीच किंमत द्यावी. उरलेले अडीच हजार होन राजापूरच्या जकातीतून वजा व्हावेत, अशी तोड निघाली. म्हणजे भरपाई पाहिजे असेल तर कंपनीस पुन्हा वखार उघडून व्यापार करणे भाग होते. धनको आणि ऋणको यांना एकाच जोखडास जुंपण्याची ही युक्ति ज्याने काढली, त्यास व्यापाराचे मर्म खचित कळले होते. आयात मालावरील जकात शेकडा अडीच ठरली. तिच्यावर अधिक काही मागावयाचे नाही.

जे नाकारले गेले तेही तितकेच बोलके आहे. किनाऱ्यास लागून फुटलेल्या जहाजांचा माल आपणांस परत मिळावा, अशी कंपनीची मागणी होती. असा माल राजाचा ही कोकणची जुनी चाल. ती एकासाठी मोडली तर फ्रेंच व वलंदेजही तेच मागतील, म्हणून ते कलम मान्य झाले नाही. कंपनीची नाणी राज्यात चालावीत या मागणीस उत्तर असे मिळाले की, नाणे वजनास व कसास उतरले तर लोक आपण होऊन घेतील, कमी कसाचे नाणे घेण्याची रयतेवर सक्ती होणार नाही. पाळता येणार नाही ते वचन आरंभीच नाकारणे हे रुसव्याचे कारण वाटते खरे; परंतु पुष्कळ तह मोडतात ते हो म्हटलेल्या अशक्य गोष्टींमुळेच.

तह झाला म्हणून सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. राजापूरची वखार पुन्हा उघडली, तथापि भरपाईचा हिशेब वर्षानुवर्षे रेंगाळला आणि १६७९ मध्ये खांदेरीवरून उभय पक्षांत आरमारी लढाईही झाली. पण लढाईनंतर बोलावयाचे कशावरून, हे ठाऊक होते.

या सर्व काळात कंपनीस आणखी एक जाच होता, तो जंजिऱ्याच्या सिद्दीचा. सिद्दी व महाराज यांच्यात समेट घडविण्याचा ऑक्झिंडनने यत्न केला, तो फुकट गेला. सिद्दीचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्याच्या मुलखास मराठीत ‘हबसाण’ असेच नाव पडले. आफ्रिका हा कोकणास परका शब्द नव्हे. आज ती ओळख काजूच्या बीने टिकविली आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर काजू होतो, परंतु कोकणातील कारखान्यांस स्थानिक बी पुरत नाही. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट, टांझानिया इत्यादी देशांतून कच्ची बी जहाजाने येते.

या मालात पत कशी जाते ते पाहण्यासारखे आहे. काजूची बी बाहेरून सारखीच दिसते. आत गर किती, हे फोडल्यावाचून कळत नाही. म्हणून ऐंशी किलोच्या पोत्यातून चांगला गर किती पौंड निघतो, यावर भाव ठरतो. बी ओली राहिली तर वाटेत बुरशी येते. बंदरात उतरल्यावर घेणारा म्हणतो, गर कमी निघाला. पाठविणारा म्हणतो, नमुना चांगला होता. बाजार उतरला की घेणाऱ्यास मालात दोष दिसू लागतात आणि बाजार चढला की पाठविणाऱ्यास करार आठवत नाही. दोष एकट्या आफ्रिकेचा नव्हे.

यावर तेथेही कागदाचाच उपाय चालला आहे. मध्य व पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांनी १९९३ च्या करारान्वये व्यापारी कायदा एकच केला व त्यासाठी आबिजान येथे सामाईक न्यायालय ठेवले. जकाती कमी करण्यासाठी खंडव्यापी मुक्त व्यापार करार २०१८ मध्ये किगाली येथे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. २०२२ मध्ये एका देशाच्या नाण्यात देऊन दुसऱ्या देशाच्या नाण्यात घेण्याची सामाईक व्यवस्था निघाली; रायगडावरील नाण्याचा प्रश्न येथे निराळ्या रूपाने पुन्हा दिसतो.

टांझानियाने २००७ पासून काजूसाठी वखारपावतीची रीत घातली. शेतकऱ्याने बी सहकारी संस्थेमार्फत वखारीत आणावयाची, तेथे वजन व प्रत ठरून पावती मिळावयाची आणि मग लिलाव व्हावयाचा. मालाची पारख शेतकरी व परदेशी व्यापारी या दोघांच्याही हातात राहत नाही, हा तिचा मुख्य गुण. तरीही २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी भाव फारच उतरविला, लिलाव मोडले आणि सरकारने सैन्याच्या मोटारी लावून सारे पीक आपणच उचलले. मग शेतकऱ्यांच्या पैशास उशीर झाला आणि माल खपविणे सरकारासही जड गेले. २०१९ च्या हंगामात लिलाव पुन्हा सुरू झाले. वखारीच्या दारात तोच काटा आणि तेच पावतीपुस्तक होते, आणि त्यांच्या भरवशावर व्यापारी परत आले.